धुऱ्यावरचा पाहुणा : संत्रापट्ट्यातील वाटा आणि बॅटरीची सायकल

मोटारीतून नागपूर-काटोल मार्गाने जाणाऱ्या प्रवाशास संत्र्याची बाग दिसते ती एखाद्या हिरव्या पट्ट्यासारखी. क्षणात येते आणि क्षणात मागे पडते. पायी निघालेल्या माणसास बाग नीट दिसते, पण दिवसभरात दोन गावांपलीकडे त्याची मजल जात नाही. सायकलस्वाराची गोष्ट निराळी. त्याचा वेग असा की झाडाच्या बुंध्याला लावलेले मलम त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि सायंकाळपर्यंत पाच-सहा गावांची शीवही तो ओलांडू शकतो. खेडे पाहण्यास याहून सोयीचे वाहन अद्याप निघालेले नाही.

ग्रामविकासाच्या कार्यकर्त्यांस हे नव्याने सांगावे लागणार नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला, तेव्हा नागपूर ही जुन्या मध्यप्रदेश राज्याची राजधानी होती. त्या योजनेतील ग्रामसेवकाच्या स्वाधीन पाच ते दहा गावे असत, आणि या गावांची फेरी तो बहुधा सायकलवरच करी. पुढे मोटारसायकली आल्या, डांबरी रस्ते झाले, फेरीला लागणारा वेळ कमी झाला. त्याबरोबर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, थांबण्याचे प्रसंगही कमी झाले. आता सायकल पुन्हा खेड्याकडे वळू लागली आहे, मात्र ती शहरातील हौशी प्रवाशांच्या पायाखाली. या सायकलीस बॅटरी व लहानशी मोटार जोडलेली असते. नागपुरातून हिवाळ्यातील सुटीच्या दिवशी सायकलस्वारांचे गट आसपासच्या तलावांकडे व देवस्थानांकडे निघालेले दिसतात. हा पाहुणा गावाच्या वेशीवर येणारच असेल, तर त्याला कोठून न्यावे, काय दाखवावे आणि कोठे अडवावे, याचा विचार गावाने आधी करून ठेवलेला बरा.

हॉलंडमधील गाठींची वाट

या कामी जगातील सर्वांत जुनी घडी नेदरलँड्स, म्हणजे आपल्याकडे ज्यास हॉलंड म्हणण्याचा प्रघात आहे, त्या देशाने व त्याच्या शेजारच्या बेल्जियमने घालून दिली आहे. हॉलंडचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. बेम्स्टर नावाचे सरोवर तेथील लोकांनी पवनचक्क्यांच्या साहाय्याने उपसून १६१२ साली कोरडे केले आणि त्या तळजमिनीवर चौकोनी शेते आखली. ती आखणी आजही जशीच्या तशी आहे. किंडरडाईक या गावी पाणी उपसणाऱ्या १९ जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत. अशा सपाट मुलखात, कालव्यांच्या काठाने, गायींच्या कुरणांमधून सायकली चालतात. त्या देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या पुढे आहे, आणि सायकलींची संख्या लोकसंख्येहूनही मोठी आहे. अलीकडे तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी सुमारे निम्म्या बॅटरीवर चालणाऱ्या असतात. सपाट प्रदेशात मोटारीची गरज काय, असे कोणी विचारील. तेथे चढ नाही, परंतु समुद्रावरून येणारा समोरचा वारा आहे. वृद्ध माणसास तो चढापेक्षाही जड जातो.

पण आपल्याला घेण्यासारखी गोष्ट सायकल नव्हे. ती वाटेची आखणी आहे. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात ह्यूगो बोलन नावाचे एक खाण-अभियंता होते. कोळशाच्या खाणीत वाटांना जेथे फाटे फुटतात, त्या जागांना क्रमांक देण्याची पद्धत असते. तीच रीत त्यांनी जमिनीवरील सायकलवाटांना लावली. १९९५ साली हे जाळे खुले झाले व थोड्याच वर्षांत ते हॉलंडभर पसरले. जेथे दोन वाटा मिळतात तेथे एक खांब, खांबावर एक क्रमांक, आणि पुढच्या क्रमांकाकडे जाणारा बाण, एवढाच त्यातील सरंजाम. या जागेस डच भाषेत ‘क्नॉपपुंट’, म्हणजे गाठीची जागा, म्हणतात. प्रवासी घरून निघताना चिठ्ठीवर चार-सहा आकडे लिहून घेतो आणि एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्याकडे जातो. वाटाड्या नको, रस्ता विचारणे नको. थकवा वाटला तर मधलाच एखादा आकडा धरून तो परत फिरू शकतो.

या आखणीचा दुसरा गुण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. बाण दाखवितो त्या वाटेने प्रवासी जातो, यास्तव शेतात शिरण्याचे त्यास कारणच उरत नाही. शेतकऱ्यास काही विकावयाचे असेल तर तो फाटकाशी एक मेज मांडतो. त्यावर अंडी, बटाटे, भोपळे, मुरंबे असा माल, शेजारी भावाची पाटी आणि पैशासाठी कुलूप लावलेली पेटी. पुष्कळ ठिकाणी मालाजवळ माणूस बसलेला नसतो. घेणारा मोजून पैसे टाकतो व पुढे जातो. ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालेल काय, याविषयी मतभेद होतील. तो भाग गावाने आपल्या अनुभवाने ठरवावा.

परक्या माणसाचा पाय शेतात नको, हा धडा त्या देशास फार महाग पडून मिळालेला आहे. २००१ साली तेथे जनावरांमध्ये लाळ-खुरकत रोगाची साथ आली. हा रोग जनावरांच्या संसर्गाने तर पसरतोच, शिवाय माणसाच्या बुटांना व वाहनांच्या चाकांना लागलेल्या घाणीबरोबरही तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो. साथ आवरण्याकरिता दोन लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. नागपूरच्या संत्रापट्ट्यात गोठ्याच्या जागी बाग आहे आणि लाळ-खुरकतीच्या जागी डिंक्या आहे. त्याचा विचार पुढे येईल.

नागपूर ते आदासा

नागपूरच्या आसपास अशी वाट आखावयाची झाल्यास कळमेश्वरकडील मार्ग सर्वांत अनुकूल वाटतो. काटोल नाक्यावरून निघाले की डाव्या-उजव्या हातास गोरेवाड्याचे जंगल लागते, त्यानंतर फेटरी व येरला ही गावे. नागपूरपासून कळमेश्वर सुमारे २० ते २२ किलोमीटर आहे. तेथून उत्तरेस सावनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चंद्रभागा नदीच्या काठी, धापेवाडा हे गाव आहे. विठ्ठलाच्या मंदिरामुळे यास विदर्भाचे पंढरपूर म्हणतात, आणि आषाढात येथे मोठी यात्रा भरते. धापेवाड्याहून थोड्याच अंतरावर आदासा येथे टेकडीवर गणपतीचे जुने देवस्थान आहे. जाऊन-येऊन हा फेरा सुमारे ७० किलोमीटरचा होतो. शहरी माणूस आजवर या वाटेने देवदर्शनास गेला, प्रसाद घेऊन परतला. मधली वावरे त्याने पाहिली, परंतु त्यांचा अर्थ त्यास कोणी सांगितला नाही.

नागपूरच्या संत्र्याची परंपरा भोसल्यांच्या काळापासून सांगितली जाते. राजघराण्याच्या बागेत बाहेरून आणलेली कलमे लावली गेली व तेथून हे फळ जिल्ह्यात पसरले, असा समज रूढ आहे. २०१४ साली या संत्र्यास भौगोलिक मानांकन मिळाले. लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनासाठी १९८५ साली नागपूर येथेच राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले व आज ती केंद्रीय संस्था म्हणून काम करीत आहे. कळमेश्वर, काटोल, नरखेड व सावनेर या तालुक्यांतील काळ्या व मध्यम जमिनींत, मुरमाचा निचरा मिळतो तेथे, संत्री चांगली येतात. कळमेश्वर तालुका शहराला भाजीपालाही पुरवितो, त्यामुळे डिसेंबरात या वाटेवर फुलकोबीची व मेथीची वावरे, घाटे धरू लागलेला हरभरा, शेंगांनी वाकलेली तूर आणि शेवटच्या वेचणीची पऱ्हाटी ही सारी एकाच धुऱ्यावरून पाहावयास मिळतात.

याच दिवसांत सायकलस्वार एका विचित्र देखाव्याने बुचकळ्यात पडतो. एका धुऱ्याच्या अलीकडची बाग हिरवीगार, फळांनी लगडलेली व फांद्यांना बांबूचे आधार दिलेली असते. पलीकडची बाग मात्र पाने मलूल पडलेली, जमीन भेगाळलेली, ठिबकच्या नळ्या कोरड्या अशा अवस्थेत उभी असते. पलीकडचा शेतकरी आळशी, किंवा त्याची विहीर आटली, असे अनुमान शहरी माणूस सहज काढतो. वास्तविक अलीकडच्या बागेवर मृग बहार आहे. पावसाळ्याच्या आरंभी फुललेली ती फळे फेब्रुवारीनंतर तोडणीस येतील, म्हणून तिला पाणी चालू आहे. पलीकडच्या बागेतील अंबिया बहाराची तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होऊन गेली आहे, आणि पुढचा अंबिया बहार घेण्यासाठी ती बाग ताणावर सोडलेली आहे. जमिनीच्या मगदुराप्रमाणे ३० ते ६० दिवस पाणी तोडले म्हणजे झाडाची वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो, आणि जानेवारीच्या मध्यास पाणी दिले की नवती बरोबर फुले बाहेर पडतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत तो बसण्यास वेळ लागतो. ताणाच्या काळात आभाळ येऊन पाऊस झाला तर सारे गणित विस्कटते, आणि हल्ली असे वारंवार घडत आहे.

ही एवढी हकीकत एका पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्या दोन बागांच्या मधल्या धुऱ्यापाशी लावली, तर पाहुण्याची अर्धी सहल तेथेच सार्थकी लागेल. बुंध्यांना दिलेल्या निळसर-पांढऱ्या लेपाविषयीही असेच सांगता येईल. हा शोभेचा रंग समजणारे पाहुणे थोडे नाहीत. तो बोर्डो मलम आहे. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी यांपासून तो तयार होतो, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बुंध्यावर सुमारे १ मीटर उंचीपर्यंत लावला जातो. तो कशासाठी लावतात, याचे उत्तर पुढील भागात आहे, आणि प्रत्येक बागायतदाराने ते पाहुणा येण्यापूर्वीच ध्यानी घ्यावे.

बुटांना लागलेली माती

संत्र्याच्या झाडाचा मोठा वैरी डिंक्या होय. फायटोप्थोरा या बुरशीमुळे मुळे कुजतात, कलमाच्या जोडाजवळची साल तडकते, तीतून डिंक पाझरू लागतो, पाने पिवळी पडतात व शेवटी फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. ही बुरशी मातीत राहते व पाण्याबरोबर सरकते. रोगट बागेतील पाणी पाटाने खालच्या बागेत गेले की रोगही जातो, रोपवाटिकेतील रोगट कलमाबरोबर तो शंभर कोसांवर पोहोचतो, आणि नांगर, वखर, ट्रॅक्टरची चाके किंवा चिखलाने भरलेले बूट यांबरोबरही जाऊ शकतो. सायकलचे खाचांचे टायर चिखल उत्तम धरतात, हे वेगळे सांगावयास नको.

आता असा विचार करावा. सकाळी सायकलस्वार येरल्याजवळच्या एका बागेत शिरला. रात्री तेथे पाणी दिलेले होते. त्याने झाडाखाली उभे राहून छायाचित्र घेतले, दोन फळे तोडली आणि निघाला. दुपारी तो धापेवाड्याकडील दुसऱ्या बागेत गेला. पहिल्या बागेत डिंक्या असेल, तर पाहुण्याच्या मनात काही नसताही त्याची माती दुसऱ्या बागेत पडली. एक पाहुणा आल्याने बाग बुडत नाही, परंतु प्रत्येक रविवारी पन्नास पाहुणे येऊ लागले व बागायतदाराने त्यांना आळ्यांतून फिरू दिले, तर धोका उघड आहे. आळ्यांतील पांढरी मुळे जमिनीच्या वरच्या थरातच असतात. ओल्या जमिनीवर वारंवार पाय पडून ती जागा दडपली की हवा खेळत नाही, व कुजण्यास तेही निमित्त होते.

यास्तव बाग धुऱ्यावरून दाखवावी. ज्यास पाहुण्यांना आत न्यावयाचेच असेल त्याने कडेची एक ओळ त्यासाठी राखून ठेवावी, त्या ओळीलगत मुरूम टाकून पाऊलवाट करावी आणि फाटकाशी पाण्याची बादली व ताठ केसांचा ब्रश ठेवावा. चाकांची व बुटांची माती तेथेच खरवडून धुवावी, आणि ते पाणी बागेच्या उताराकडे जाऊ न देता बाहेर सोडावे. पावसाळ्यात व पाणी दिल्यापासून दोन-तीन दिवस कोणासही आत घेऊ नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास तर हा नियम सर्वांआधी लागू आहे, कारण एका दिवसात सर्वांत अधिक बागांतून त्याचाच पाय फिरतो.

फवारणीच्या दिवसांविषयीही ढिलाई चालणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. ज्या वावरात वा बागेत फवारणी झाली असेल, तेथील धुऱ्यावर लाल कापड बांधण्याची प्रथा गावाने पाडावी. लाल कापड दिसले की पाहुण्याने तेथे थांबू नये व फळास हात लावू नये. कुंपणाबाबतही तीच दक्षता हवी. रोही व रानडुकरे यांच्या उपद्रवामुळे शेतकरी बेजार झालेला आहे, हे खरे. सौर बॅटरीवर चालणारे झटका कुंपण जनावरास क्षणिक धक्का देऊन परतविते व त्याने प्राण जात नाही. परंतु विजेच्या तारेवरून थेट प्रवाह सोडलेले कुंपण बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्याने माणसे मेलेली आहेत. ज्या वाटेवर परका माणूस येणार, त्या वाटेवर असे एकही कुंपण राहता कामा नये. खरे म्हणजे कोणत्याच वाटेवर राहू नये.

मेजावर काय मांडावे

सायकलवरील पाहुण्यांमुळे संत्र्याचा बाजार सुधारेल, अशी आशा कोणी दाखवीत असेल तर ती भाबडी समजावी. ६ बाय ६ मीटर अंतरावर हेक्टरी २७७ झाडे बसतात. झाडामागे पाचशे फळे धरली तरी एका हेक्टरात सव्वा लाखाहून अधिक फळे होतात. वीस पाहुण्यांनी प्रत्येकी वीस फळे घेतली तर ती चारशे भरतील. बाकीच्या फळांसाठी व्यापारी, कळमन्याची बाजारपेठ व परप्रांताचा ग्राहक यांकडेच पाहावे लागते. २०१९ नंतर बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क वाढवीत नेले, तेव्हा विदर्भातील बागायतदारांना त्याची झळ किती तीव्रतेने लागली, हे सर्वांस ठाऊक आहे. तो प्रश्न सायकलने सुटणारा नाही.

तथापि घरखर्चाच्या दृष्टीने पाहिल्यास चित्र पालटते. व्यापारी उभ्या बागेचा सौदा करतो तेव्हा बारीक व डागाळलेली फळे बाजूला पडतात. त्यांची चव कमी नसते, दिसण्यात ती उणी असतात. अशी फळे धुऱ्यावरच्या मेजावर खपतात, कारण तेथे ग्राहक डोळ्यांनी नव्हे, जिभेने निवडतो. शिवाय संत्र्याच्या जोडीला घरची तूरडाळ, हरभऱ्याची डाळ, हळद, वाळलेली मिरची, ताजी मेथी व सांबार यांना शहरी घरात मागणी असते. कोथिंबिरीस विदर्भात सांबार म्हणतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यासाठी पाटीवर दोन्ही शब्द लिहावेत, नाहीतर तो इडलीबरोबरचे सांबार समजून पळी मागेल! दुपारच्या भोजनासाठी झुणका, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी व ताक एवढे पुरे आहे. हे काम महिला बचत गटाने हाती घेतल्यास पैसा थेट घरात येतो. भाव पाटीवर लिहिलेला असावा. पाहुण्याचे कपडे पाहून भाव ठरविण्याची सवय लागली, की तो पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही व ओळखीच्या दहा जणांनाही तसे सांगतो.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषि-पर्यटन धोरण स्वीकारलेले आहे. मुक्कामाची सोय करून नियमित केंद्र चालवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास त्याअन्वये पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. केवळ मेज मांडणाऱ्यास एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. मात्र वाट अनेकांच्या धुऱ्यावरून जाणार असल्याने ग्रामसभेत चर्चा व्हावी आणि ज्याचा धुरा त्याची लेखी संमती घ्यावी. शेजाऱ्याशी वाद असलेल्या धुऱ्यावरून वाट नेऊ नये. पाहुण्यांच्या निमित्ताने जुनी भांडणे उकरून निघतात, असा अनुभव आहे.

बॅटरी, काटे व ऊन

या सायकलीविषयी थोडी माहिती कार्यकर्त्यास असावी, कारण गावात ती बंद पडली की प्रथम त्यालाच विचारतात. कायद्याप्रमाणे मोटारीची शक्ती २५० वॅटपर्यंत असेल आणि पायडल मारणे थांबविताच किंवा ताशी २५ किलोमीटर वेग होताच मोटारीचे साहाय्य बंद होत असेल, तर अशा सायकलीस मोटार वाहन समजत नाहीत. तिला नोंदणी वा परवाना लागत नाही. याहून अधिक शक्तीची वाहने सायकल म्हणून विकली जातात तेव्हा खरेदी करणाऱ्याने सावध असावे.

साधारण बॅटरी ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांची असते, म्हणजे तीत ३६० वॅट-तास वीज मावते. पूर्ण भरण्यास अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते. घरच्या मीटरवर हा खर्च चार-पाच रुपयांच्या आत बसतो. पाहुण्याकडून चहाबरोबर दहा रुपये घेतले तरी कोणाचे नुकसान नाही. ही वीज घरच्या मीटरवरूनच द्यावी. कृषिपंपाची जोडणी सवलतीची असते व तिच्यावर पाळीपाळीने वीज येते. पाहुण्याची सायकल तिला लावणे नियमास धरून नाही, आणि वीज मध्यरात्री आली तर उपयोगही नाही. २ अँपिअरच्या चार्जरने रिकामी बॅटरी भरण्यास सुमारे पाच तास लागतात. यावरून हिशेब असा निघतो की, भरलेल्या बॅटरीवर पायडल मारीत ४० किलोमीटर झाले व धापेवाड्यात भोजनाच्या दोन तासांत दोन-पंचमांश बॅटरी भरली, तर आणखी १६ किलोमीटरांची सोय होते. फेरा ७० किलोमीटरांचा आहे. उरलेले अंतर सपाट रस्त्यावर मोटार बंद ठेवून वाचवावे लागते, अथवा सुमारे दोन तास अधिक विसावा घ्यावा लागतो. धापेवाड्याच्या गावकऱ्यांना हा अधिकचा वेळ सोयीचाच आहे.

हॉलंडच्या प्रवाशास ठाऊक नसलेला एक शत्रू येथे आहे, तो म्हणजे बाभळीचा काटा. पांदणीच्या दोन्ही अंगांस बाभळी असतात, आणि तूर व कपाशीच्या वावरांना काट्यांच्या फांद्यांचे कुंपण घालण्याची रीत अद्याप आहे. पांदणीने जाणाऱ्याने दोन ट्यूब, पंप व ठिगळाचे साहित्य जवळ ठेवल्याखेरीज निघू नये. ज्या गावातून वाट जाईल तेथील सायकल दुरुस्त करणाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक, त्याची संमती घेऊन, खांबावर लिहावा. त्यालाही काम मिळेल. पांदण रस्ते मजबूत करण्यासाठी राज्यात २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू झाली. खडीकरण झालेली पांदण सायकलपेक्षा बैलगाडी, ट्रॅक्टर व संत्र्याच्या पेट्या वाहणाऱ्या गाडीस अधिक उपयोगी पडते, आणि प्रस्ताव पाठविताना हेच कारण पुढे मांडावे. जेथे पांदण नाही तेथे राष्ट्रीय महामार्गाचा तुकडा टाळता येत नाही. कळमेश्वर ते धापेवाडा या भागात मालमोटारींची वर्दळ असते. तेथे रांगेने, कडेने व दिवसाउजेडीच जावे.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच समजावा. मार्चपासून ऊन तापू लागते, व मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्याही वर जातो. अशा उन्हात माणसाचे तर हाल होतातच, शिवाय तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावणे धोक्याचे असते. ती सावलीत निवू द्यावी. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते. डिंक्याच्या दृष्टीनेही ते दिवस पाहुण्यांचे नव्हेत.

क्रमांकांचे खांब आरंभी पाच पुरेत : फेटरी, येरला, कळमेश्वर, धापेवाडा व आदासा. गावाच्या हद्दीत चुन्याने रंगविलेला दगडही खांबाचे काम देतो, मात्र राज्य वा राष्ट्रीय मार्गाच्या कडेला काहीही उभारण्यापूर्वी संबंधित बांधकाम कार्यालयाची अनुमती घ्यावी. काम दिवाळीनंतर लगेच हाती घेतल्यास अंबियाची शेवटची तोडणी चालू असतानाच वाट तयार होईल. जानेवारीच्या मध्यास ताण तोडून पाणी दिले की पुढे दोन-तीन आठवड्यांत बागा फुलू लागतात, आणि त्या पांढऱ्या फुलांचा वास सकाळच्या वेळी थेट रस्त्यापर्यंत येतो. तो घेण्यासाठी कोणास आत जावे लागत नाही. त्या पंधरवड्यात फुलांवर मधमाश्यांचे काम चालू असते, तेव्हा बागायतदाराने फवारणी टाळावी आणि धुऱ्यावर तसे लिहिलेली पाटी लावावी.